एका पत्राला चौदा बादल्या

सिद्धेश्वरीनं चुलीपाशी बसून एक पत्र जाळायचं होतं. बारा सेकंदांत. पत्र एकच, तेही अर्ध्या पानाचं. वर्गमित्र ताबीशच्या अख्ख्या फिल्ममध्ये एवढीच काय ती आग होती, आणि तेवढ्या आगीसाठी झीनत सकाळी आठ वाजता सोलापुरातल्या बाळीवेशीमागच्या एका गल्लीत, चंद्रव्वाच्या दारात, नारिंगी जाकीट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून, हातात चौदा पानी पत्रक घेऊन उभी होती.

जाकीट रस्त्याचं डांबर टाकणाऱ्या एका मुकादमाकडून दिवसाच्या बोलीवर आणलेलं. शिट्टी धाकट्या भावाची. पत्रक सोमशेखर सरांचं.

सोमशेखर सर म्हणजे कॉलेजातल्या मास कम्युनिकेशन विभागाचे प्रमुख. गेल्या वर्षी ते एका विद्यार्थ्याच्या शूटिंगला सहज म्हणून गेले होते. दिव्याचा स्टँड पडला, तो नेमका सरांच्या पायाच्या अंगठ्यावर. अंगठा बरा व्हायला सहा आठवडे लागले, आणि त्या सहा आठवड्यांत पलंगावर पडल्या पडल्या सरांनी ‘धोके व उपाय पत्रक’ लिहून काढलं. दुखऱ्या अंगठ्यानं एवढं साहित्य क्वचितच निर्माण केलं असेल. तेव्हापासून नियम झाला: प्रत्येक शूटिंगला एक सुरक्षा अधिकारी, प्रत्येक धोक्याला एक उपाय, प्रत्येक उपायाची नोंद.

हे काम कुणालाच नको होतं. झीनतनं ते मागून घेतलं, कारण सरांनी भर वर्गात शब्द दिला होता. “सीन पुरा झाला पाहिजे, आणि एका माणसालाही खरचटता कामा नये. एवढं केलंस तर पुढचा महिनाभर कॅमेरा तुझा.”

विभागाकडे बरा म्हणावा असा कॅमेरा एकच, आणि तो दीड वर्ष ताबीशच्याच गळ्यात. झीनतच्या डोक्यातही तेवढीच वर्षं एक फिल्म घोळत होती: तिची फुफू, म्हणजे आत्या, चांदबी, जी बेचाळिसाव्या वर्षी रिक्षा शिकली आणि आता निम्म्या मोहल्ल्याच्या पोरी शाळेत पोचवते. फुफू रोज विचारायची, “मेरा सिनेमा कब गे?” झीनत रोज म्हणायची, “पुढच्या महिन्यात.” आता तो पुढचा महिना एका अर्ध्या पानाच्या पत्रापलीकडे उभा होता.

*

धोका क्र. १
काय: आग
कशापासून: एक पत्र
कुणाला: सिद्धेश्वरी
उपाय: पाणी

*

एवढं लिहून झीनत मोकळी झाली असती. पण पान तीनवर सरांनी बारीक अक्षरात एक तळटीप घातली होती: ‘दृश्यातील प्रत्येक ज्वलनशील वस्तूमागे दोन बादल्या पाणी असावे.’ झीनत स्वयंपाकघरात शिरली आणि मोजायला लागली. पत्र. सिद्धेश्वरीची साडी. दाराचा पडदा. कॅलेंडर. सरपण. बसायचा पाट. भाकरीची दुरडी.

“सात दुणे चौदा,” ती म्हणाली.

“चौदा बादल्या?” ताबीश कॅमेऱ्यामागून बाहेर आला. “अगं, कागद जाळायचाय. लंका नाही.”

“पत्रकात लिहिलंय.”

“मग काडी पण पत्रकाला विचारून लावू?”

“पान चार. काडी लावायच्या आधी मला विचारायचं.”

सिद्धेश्वरी पाटावर बसून मघापासून चेहऱ्यावर दुःख आणायचा प्रयत्न करत होती. ती म्हणाली, “ए, लवकर ठरवा की. आलेलं दुःख जातंय माझं.”

स्वयंपाकघर चंद्रव्वाचं. चंद्रव्वा पन्नाशीची, कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचा घरगुती धंदा करणारी बाई. शहरात राहून रोज चूल पेटवणारी तिच्याइतकी जवळ दुसरी कुणी सापडली नव्हती. तिनं जागा फुकट दिली होती, एकाच अटीवर: पत्र जळताना मागं तिच्या भाकऱ्यांची चवड स्वच्छ दिसली पाहिजे.

“अक्का,” झीनत म्हणाली, “चौदा बादल्या पाणी मिळेल?”

चंद्रव्वा खो खो हसली. मग समोरची पोरगी हसत नाहीये हे बघून थांबली. “यव्वा! आज तिसरा दिवस हाय. नळ उद्या येणार. एक पिंप उरलंय. त्यात पीठ मळायचं, भांडी घासायची, जीव जगवायचा. माझं घर पेटलं तरी मी चौदा बादल्या वतणार न्हाय की गं!”

“नुसत्या बादल्या तरी?”

“रिकाम्या घे की. रिकाम्या लई हायत.”

चार चंद्रव्वाच्या निघाल्या, दहा शेजारून आल्या. ताबीश कुरकुरत स्कूटर काढून पाण्याचे जार आणायला गेला. तोवर बादल्या ठेवायच्या कुठं? आत ठेवाव्यात तर पान पाच म्हणत होतं, ‘येण्याजाण्याचा मार्ग मोकळा असावा.’ म्हणून झीनतनं त्या बाहेर, भिंतीच्या कडेनं ठेवल्या. सरळ रेषेत. एकमेकींपासून वीतभर अंतरावर. कड्या एका बाजूला.

इथंच घात झाला.

ज्या गावात नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, तिथं रिकाम्या बादल्यांची सरळ रांग म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. झीनत त्याच गावात जन्मलेली, वाढलेली. घरी बादल्या ओळीत लावायचं काम लहानपणापासून तिच्याकडंच. पण पत्रक भरायला बसलेला माणूस आपलं गाव विसरतो.

समोरच्या घराचं दार किलकिलं झालं. एक बाई बाहेर आली, बादल्यांकडं बघितलं, आत गेली, कळशी घेऊन आली आणि चौदाव्या बादलीमागं ठेवून परत आत गेली. तिच्या शेजारणीनं घागर आणली. मग एक पातेलं. एक प्लास्टिकचा टब. रंगाचा डबा. कुणी कुणाला काही विचारलं नाही. या गल्लीची रीतच ती: आधी भांडं ठेवायचं, मग चौकशी करायची. चौकशी करत बसलेल्या माणसाचा नंबर गेलेला असतो.

झीनतनं पत्रकातून मान वर केली तेव्हा रांग कोपऱ्यावरच्या पानटपरीला वळसा घालून दिसेनाशी झाली होती.

*

धोका क्र. २
काय: गर्दी
कशापासून: माहीत नाही
कुणाला: मला

*

“ए जाकीटवाली!”

ही बजाबाई. गल्लीतलं नळावरचं भांडण तिच्याशिवाय सुरू होत नसे आणि तिच्याशिवाय मिटतही नसे. काखेला कळशी, दुसरा हात कमरेवर.

“टँकर कवा येणार?”

“मावशी, टँकर येणार नाही. हे शूटिंग आहे.”

बजाबाईनं मागं वळून रांगेला सांगितलं, “येणार न्हाय म्हणती!”

रांगेत आनंदाची लाट पसरली. “न्हाय म्हणती म्हंजे येणार!” मागून एक आवाज आला. “मागल्या बारीला येणार म्हणलेले, तर आठ दिस पत्ता न्हवता!”

“अहो, खरंच नाही येणार!”

“व्हय की. पण किती वाजता न्हाय येणार, तेवढं सांग. मला कुकर लावायचाय.”

झीनतनं, केवळ सवयीनं, मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. साडेआठ झाले होते. “नऊला शॉट आहे,” ती पुटपुटली.

“नऊला!” बजाबाई गरजली. “नऊला” हा शब्द भांड्यांवरून उड्या मारत टपरीपर्यंत गेला आणि तिथून आणखी पंधरा भांडी घेऊन परत आला.

तेवढ्यात ताबीश आला. स्कूटरवर पुढं एक जार, मागं एक जार.

“आलं!” रांग एका सुरात ओरडली.

“काय चाललंय हे?” ताबीशनं विचारलं. तोवर एक जार कुणीतरी प्रेमानं उतरवून घेतला होता आणि दुसऱ्यावर वाटाघाटी चालू होत्या. “झीनत! ये क्या किया गे तू?”

“मी बादल्या ठेवल्या.”

“फक्त?”

“ओळीत ठेवल्या.”

ताबीशनं कपाळावर हात मारला. तोही त्याच गावचा होता.

पान सहा सांगत होतं: ‘वीसपेक्षा अधिक बघे जमल्यास दोरीने मार्ग वेगळा करावा.’ झीनतनं दोरी बांधली. पान सात सांगत होतं: ‘दोरी दुरून दिसेल अशी असावी, अन्यथा पाय अडकून पडण्याचा धोका.’ चंद्रव्वानं ट्रंकेतून एक जुनं पिवळं पोलकं काढून दिलं. झीनतनं त्याच्या चिंध्या करून दोरीला बांधल्या. आतापर्यंत ती नुसती रांग होती. दोरी बांधल्यावर ती सरकारी झाली. पिवळी फडकी वाऱ्यावर फडफडायला लागल्यावर तो कार्यक्रम झाला.

आणि कार्यक्रम म्हटल्यावर चन्नवीरअण्णा आले.

चन्नवीरअण्णा बारा वर्षं भावी नगरसेवक होते. बुलेट थांबवून त्यांनी आधी रांग बघितली, मग दोरी, मग फडकी, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“मॅडम, पिवळा झेंडा कुणाचा?”

“झेंडा नाही हो, पोलकं आहे.”

“चिन्ह पोलकं?” अण्णा बुलेटवरून खाली उतरले. बायकांच्या मतांचा एवढा सरळ विचार आजवर कुणी केला नव्हता. “तुमी कुठल्या?”

“कॉलेजच्या.”

“म्हंजे तरुणांची पार्टी.” अण्णा बाजूला झाले, खिशातून फोन काढला आणि दबक्या आवाजात, पण गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, “टँकर पाठव. आत्ता. भरलेला नसंल तर भर. हितं पिवळे घुसलेत.”

अण्णांचा टँकर निघाला हे त्यांच्या विरोधकाला चार मिनिटांत कळलं. राजकारणात बाकी काही नसलं तरी एवढी चपळाई असते. त्यानंही टँकर सोडला.

*

धोका क्र. ३
काय: रेटारेटी
उपाय: टोकन द्या म्हणजे कुणी ढकलणार नाही
टोकन: नाहीत
कागद: आहे

*

कागद म्हणजे पत्रक. पाठकोरं. झीनतनं पान एककडं बघितलं. तिथं तिनं सुवाच्य अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं होतं. तिनं डोळे मिटले आणि ते फाडलं. मग दुसरं. एका पानाचे चार तुकडे, मागं आकडा, पुढं सरांचं मोलाचं मार्गदर्शन. सतरा नंबरच्या बाईला ‘उंचीवरून पडणे’ मिळालं. तेवीस नंबरला ‘सर्पदंश’. तिनं ते दोनदा वाचलं, भिंतीकडं सरकून उभी राहिली आणि तिथून हलली नाही.

तेरा पानांत बावन्न टोकनं झाली. चौदावं पान मात्र झीनतनं फाडलं नाही. ते घडी घालून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं. त्यावर छापलेलं होतं: ‘सदर चित्रीकरणात कोणासही इजा झालेली नाही.’ खाली सरांच्या सहीची जागा. त्या सहीवर कॅमेरा मिळणार होता.

धोका क्र. ४ तळहातावर लिहावा लागला, कारण पानं संपली होती, आणि तळहात लहान असल्यामुळे तो एवढाच आहे:

टँकर. दोन. समोरासमोर.

एक बाळीवेशीच्या बाजूनं शिरला होता, एक मागच्या बोळातून. दोघांची तोंडं चंद्रव्वाच्या दारासमोर भिडली. जो मागं घेईल तो निवडणूक हरला, हे ड्रायव्हरांनाही माहीत होतं. त्यामुळे मागं कुणीच घेतलं नाही. उलट, आधी पाणी कुणाचं, यावर दोघांनी एकदमच कॉक उघडले.

बावन्न टोकनं, शंभरावर भांडी, दोन टँकर. लोकांनी कळश्या भरल्या, घागरी भरल्या, टब भरला, रंगाचा डबा भरला. एकानं हेल्मेट भरलं. तरी पाणी येतच राहिलं. भांडी तुडुंब भरून ठेवून लोक हात कमरेवर ठेवून एकमेकांकडं बघायला लागले. जास्त पाण्याचं काय करतात, याची कुणालाच सवय नव्हती. गल्लीला किंचित उतार होता आणि उताराच्या टोकाला चंद्रव्वाचा उंबरा होता.

पाणी उंबरा ओलांडून, ओळखीच्या पाहुण्यासारखं, थेट स्वयंपाकघरात गेलं.

तिथं जमिनीवर ताबीशच्या मोठ्या दिव्याची वायर पसरली होती. पाणी हातभर अंतरावर होतं. वायरीच्या टोकाला बोर्ड. बोर्डाशेजारी सिद्धेश्वरीचे अनवाणी पाय.

झीनतनं शिट्टी फुंकली.

ती कशी फुंकली हे गल्ली बरेच दिवस विसरणार नाही. टँकरवाल्यांनी कॉक बंद केले. अण्णांनी हातातला फोन बंद केला. झीनत दोरीखालून वाकून, बादल्यांवरून उडी मारून आत धावली आणि दारामागचं मेन स्विच खाली ओढलं. “सिद्धे, पाय वर! पाटावर घे! कुणी खाली पाय ठेवायचा नाही!”

दिवा विझला. पाणी वायरीला येऊन टेकलं. काही झालं नाही.

“आई गं,” सिद्धेश्वरी पाटावर मांडी घालून म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर, सकाळपासून पहिल्यांदाच, अस्सल दुःख आलं.

“हलू नको!” ताबीश ओरडला. “असंच तोंड ठेव! असंच!”

खिडकीतून साडेदहाचं ऊन नेमकं चुलीवर पडलं होतं. खाली चकचकीत पाणी, पाण्यात चुलीचं प्रतिबिंब, मागं भाकऱ्यांची चवड. दिव्यानं जे जमलं नसतं ते दिवा गेल्यावर जमलं होतं. ताबीशनं कॅमेरा खांद्यावर घेतला. “पत्र घे!”

सिद्धेश्वरीनं जमिनीवर ठेवलेलं पत्र उचललं. ते पुरणपोळीसारखं लोंबलं.

“दुसरं आण! कुणाकडं कोरा कागद आहे?”

वर्तमानपत्र चालणार नव्हतं, पत्र कुणी बातम्यांवर लिहीत नाही. कॅलेंडरवर देव होते. झीनत खिडकीतून रांगेला म्हणाली, “मावशी, एक टोकन द्या ना परत. जरा मोठं बघून.”

“आणि माझा नंबर?” बजाबाईनं टोकन पोलक्यात आणखी खोल सारलं.

“तुमची कळशी भरली की!”

“म्हणून काय झालं? नंबर तो नंबर.”

उन्हाचा पट्टा चुलीवरून हळूहळू भाकऱ्यांकडं सरकत होता. “पाच मिनिटं,” ताबीश म्हणाला. “जास्तीत जास्त. मग हा उजेड गेला. सीन गेला, झीनत.”

सीन गेला म्हणजे कॅमेरा गेला. झीनतनं जाकिटाच्या आतल्या खिशाला हात लावला. तिथला कागद अख्ख्या गल्लीत एकमेव कोरडा होता. तो दिला तर सहीची जागा गेली, म्हणजे कॅमेरा गेलाच. नाही दिला तरी गेला. फुफू संध्याकाळी दारात रिक्षा लावून विचारणारच होती.

“काय आहे खिशात?” ताबीशनं विचारलं.

“काही नाही.”

“झीनत.”

तिनं चौदावं पान काढलं. उलगडलं. एकदा वाचलं. मग उलटं करून कोरी बाजू वर ठेवून सिद्धेश्वरीच्या हातात दिलं. “नीट जाळ,” ती म्हणाली. “वाया घालवू नको.”

*

एक. काडी पेटली.
दोन. कोपरा.
तीन. सिद्धेश्वरी बघते आहे. रडत नाही. छान.
चार. पाच. ‘कोणासही’ गेलं.
सहा. सात. ‘इजा’ गेली.
आठ. इकडे कॅमेऱ्यामागं झीनतच्या गालावरून पाणी ओघळतंय. धूर असेल.
नऊ. दहा. सहीची जागा.
अकरा.
बारा.

*

“कट!” ताबीश म्हणाला.

आणि त्याच क्षणी, दुसरा नंबर मिळतो का ते विचारायला, बजाबाईनं खिडकीतून डोकं आत घातलं.

तिला दिसलं ते असं: एका पोरीच्या हातात जाळ, दुसरी नारिंगी जाकीट घालून रडते आहे, आणि वीज गेलेली.

“आग गं बया! पोरगी पेटली!”

पुढं जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. ज्या गल्लीत तांब्याभर पाण्यावरून दोन जावा तीन वर्षं बोलत नव्हत्या, जिथं पाहुण्याला अर्धा पेला भरून विचारायचे, “अजून पायजे का?”, त्या गल्लीनं एक पळ विचार केला नाही. कळश्या आल्या. घागरी आल्या. टब आला. दारातून, खिडकीतून, माळ्याच्या झरोक्यातून. सतरा नंबर आणि तेवीस नंबर एकमेकींना ढकलत आत शिरल्या आणि घागरभर पाणी ओतून बाहेर गेल्या. रंगाचा डबा ज्यानं आणला होता त्यानं तो डब्यासकट फेकला. सगळ्यात शेवटी चंद्रव्वा आली, तिचं ते राखून ठेवलेलं पिंप दोन्ही हातांनी कवटाळून, आणि तिनं ते आपल्याच चुलीवर उपडं केलं.

“चौदा बादल्या न्हाय म्हणलीस की गं!” बजाबाई म्हणाली.

“पोरगी पेटली म्हणलीस की तू!” चंद्रव्वा म्हणाली.

“मी नुसतं पत्र जाळत होते,” सिद्धेश्वरी म्हणाली. तिच्या नाकातून पाणी येत होतं.

सगळे थांबले. थेंब टपकत राहिले. भाकऱ्यांची चवड हळूच एका बाजूला कलली. सोलापूरच्या इतिहासात कडक भाकरीची पहिल्यांदाच नुसती भाकरी झाली होती. आणि ताबीश दोन्ही हात पुढं करून, देवळातून तीर्थ आणल्यासारखा, कॅमेरा धरून उभा होता. त्याच्या कडांवरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

झीनतला मात्र त्याआधी माणसं मोजायची होती. “कुणाला लागलं? कुणी घसरलं? भाजलं? मावशी, हात दाखवा. आजोबा, हेल्मेट तुमचं? डोक्यात घाला.”

ती मोजत असतानाच दारात सोमशेखर सर उभे राहिले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. अण्णांनी कॉलेजला फोन करून विचारलं होतं की तुमच्या विद्यार्थिनीला तिकीट कुणी दिलं.

सरांनी स्वयंपाकघर बघितलं. “पत्रक?”

“सर, तेरा पानं वाटली. एक जाळलं.”

पण सरांना पत्रकाची तशी गरज नव्हती. त्यांना ते तोंडपाठ होतं. पाण्यात घोट्यापर्यंत उभं राहून, डोळे मिटून, त्यांनी पान एकपासून सुरुवात केली.

“उंचीवरून कुणी पडलं?”

“नाही सर.”

“घसरून?”

“नाही. एवढ्या गर्दीत पडायला जागाच नव्हती.”

“विजेचा धक्का?”

“मेन स्विच बंद केलं होतं.”

“कुणी?”

“मी.”

सरांनी एक डोळा उघडून स्विचकडं बघितलं आणि परत मिटला. “भाजलं?”

“नाही सर. भाजायला सवडच मिळाली नाही.”

“सर्पदंश?”

“व्हय, तो माझ्याकडं हाय!” तेवीस नंबर मागून ओरडली आणि टोकन वर केलं.

“सीन?”

“पुरा झाला,” ताबीश म्हणाला. “सर, पण कॅमेरा…”

“कॅमेरा पत्रकात कुठं येतो?” सरांनी विचारलं.

सरांनी मनातल्या मनात चौदा पानं परत उलटली. पडणे, घसरणे, कापणे, भाजणे, अंगठ्यावर वस्तू पडणे. माणसाच्या शरीराचा एकही अवयव त्यांनी सोडला नव्हता. वस्तूंच्या नुकसानीबद्दल अवाक्षर नव्हतं. पत्रक त्यांनी स्वतः लिहिलं होतं आणि अंगठा त्यांचा होता. स्टँड मोडला होता हेसुद्धा त्यांना आत्ताच आठवलं.

“नाही येत,” ते सावकाश म्हणाले. “इजा शून्य. सीन पूर्ण. म्हणजे शब्द तो शब्द.” त्यांनी ताबीशच्या हातातून कॅमेरा दोन बोटांनी उचलला आणि झीनतच्या ओंजळीत ठेवला. “महिनाभर तुझा.”

झीनत कॅमेऱ्याकडं बघत राहिली. दीड वर्ष. अखेर हातात. काचेमागं एक बुडबुडा इकडून तिकडं फिरत होता. आणि वरच्या कोपऱ्यात, ती निरखून बघायला लागली तर, रेकॉर्डिंगचा लाल दिवा अजून लुकलुकत होता. ताबीशनं कट म्हटलं होतं खरं, पण बटण दाबायला त्याला सवड कुठं मिळाली होती!

“चालू आहे,” ती म्हणाली. मग ओरडली, “सर, चालू आहे!”

तिनं कॅमेरा अलगद कलता केला. एका फटीतून पाण्याची बारीक, स्वच्छ धार लागली.

बजाबाईनं धार खाली पडायच्या आत कळशी पुढं केली.

“जरा अजून वाकडा कर की,” ती म्हणाली.